बाळासोंच्या मोटारीला मेण

आमच्या पेठेतले लोक मला अजून विचारतात, "महालिंगराव, त्या मोटारीला तुम्ही नेमकं काय काय चोपडलं होतं?" विचारताना तोंडावर हसू नसतं, पण मिशा हलत असतात. तेव्हा एकदाच सांगून टाकतो. आधी चिंच आणि राख, मग तालमीची लाल माती आणि शेवटी मेण. हे सगळं मी पूर्ण शुद्धीत असताना केलं. त्या वेळी मी कोल्हापूर दरबारच्या एका कचेरीत कारकून होतो. महाराजांच्या अमदानीत आमच्यासारख्या लिंगायताच्या पोरालाही कचेरीत खुर्ची मिळू लागली होती आणि त्या खुर्चीची अब्रू माझ्या हातात आहे अशा समजुतीने मी कडक इस्त्रीचा कोट घालून हिंडत असे. अशा माणसाने तीन आठवडे मोटारीपुढे उकिडवं बसून का काढावेत, हे मात्र कुणी विचारत नाही. उत्तर सोपं आहे. माझी बायको माहेरी गेली होती आणि ती मला परत हवी होती.

अक्काताई पहिल्या बाळंतपणासाठी ज्येष्ठात कोडोलीला गेली. श्रावणात मुलगी झाली. बारशाला मी गेलो, तेव्हा बायकांच्या गर्दीतून कुणीतरी ती मुलगी माझ्या पुढ्यात धरली आणि मी तिचं नाक कुणावर गेलंय ते बघतोय तोवर काढूनही घेतली. अक्काताई दाराआड उभी होती. तिच्या बांगड्या वाजल्या, एवढीच आमची भेट. त्यानंतर तिला न्यायचं म्हटलं की माझे सासरे रुद्राप्पा यांच्याकडे कारण तयार असे. भाद्रपदात वाट चिखलाची. पितृपक्षात लेक पाठवत नाहीत. दसऱ्याला घरात कार्य. दिवाळीला तर लेक माहेरी आणावी लागते, मग आलेली आहे तिला पाठवायची कशाला? कार्तिकात मी बैलगाडी घेऊन येतो असं लिहिलं, तर उत्तर आलं, की नातीची टाळू अजून भरलेली नाही, नऊ कोसांचे धक्के तिला सोसणार नाहीत. आणि मार्गशीर्षाची अमावास्या झाली की पौष लागतो, पौषात आमच्यात लेकीला वेशीबाहेर काढत नाहीत.

पत्रांचंही सांगायला हवं. अक्काताईला वाचता येत नव्हतं. पत्र जायचं सासऱ्यांच्या नावे, आणि सासरे ते ओसरीवर बसून, चष्मा लावून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात वाचायचे. अशा पत्रात माणूस काय लिहिणार? 'येथील सर्व क्षेम. चि. सौ. अक्काताईस आशीर्वाद.' बस्स. घरात खुंटीवर तिचं हिरवं लुगडं होतं तसं होतं, मी सहा महिने ते हलवलं नव्हतं. भात करपला की मी सवयीने "अगं" म्हणून हाक मारायचो आणि शेजारच्या बयाबाईंची शेळी ओ द्यायची. हे 'सर्व क्षेम'मध्ये कुठे बसवायचं?

अशात आमच्या कचेरीचे मुख्य बाळासो हवापालटासाठी निघाले. बाळासो मोठे जहागीरदार. त्यांच्या गाडीखान्याची कौलं उतरवली होती, म्हणून त्यांची मोटार कुठे ठेवावी असा प्रश्न पडला. माझ्या घरामागे ऐसपैस परडं आहे हे त्यांना कुणीतरी सांगितलं.

"महालिंग, तुझ्याकडं ऱ्हाऊ दे म्हैनाभर," ते म्हणाले. "डायवर लालासाब हायच. आनि एकदा कोडोलीला जाऊन घरची मानसं घेऊन ये की. मोटारीत धक्का कसला?"

माझ्या डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी होतं. त्याच दिवशी मी सासऱ्यांना पत्र टाकलं. चौथ्या दिवशी उत्तर आलं: 'मोटार येणार हे गावास कळविले आहे. पंचमंडळी पाहावयास येतील. दोन्ही घरांच्या इभ्रतीस शोभेल अशी यावी. अमावास्येच्या आत यावे.'

पत्र हातात घेऊन मी परड्यात गेलो आणि मोटारीकडे पहिल्यांदा नीट बघितलं. दोन वर्षं गाडीखान्यात पारव्यांच्या खाली उभी राहून तिचा गर्द हिरवा रंग विटला होता. दिवे काळवंडले होते. पंचमंडळींना ही दाखवायची आणि इभ्रतीची बात करायची म्हणजे कठीणच होतं.

लालासाब पायरीवर बसून विडी ओढत होता. सुकलेल्या अंगाचा, कमी बोलणारा माणूस. मी त्याचा सल्ला घेतला. तो म्हणाला, "सायेब, हिला नुसतं पानी दावा आनि फडक्यानं पुसा. लई न्हाय. हिला लई केल्यालं सोसत न्हाय."

संपूर्ण प्रकरणात शहाणपणाचं असं एवढंच एक वाक्य बोललं गेलं आणि ते मी ऐकलं नाही.

कारण तोवर कुडावरून बयाबाईंचं डोकं वर आलं होतं. "चिंच लाव," त्या म्हणाल्या. "माझी समई बघ की. चिंच आनि चुलीतली राख. आरशावानी हुतंय." दिव्यांच्या पितळेला चिंच लावली, राखेने घासली, आणि खरंच दिवे असे लखलखले की मी हरखलो. मनात म्हटलं, अक्काताई दाराशी येईल तेव्हा या दिव्यांत आधी तिचं तोंड दिसेल. त्या आनंदात चिंचेचं पाणी दिव्यांवरून खाली चाकाच्या पत्र्यावर ओघळत होतं, तिकडे माझं लक्ष गेलं नाही. सकाळी पत्र्यावर बोटाएवढ्या रुंद पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या. मी पत्र लिहिलं: 'मोटारीचे दिवे स्वच्छ झाले. येथील सर्व क्षेम.'

त्या रेघा घालवायच्या म्हणून मी पुन्हा घासायला बसलो, तेव्हा वस्ताद हंबीरराव रस्त्याने चालले होते. आमच्या पेठेच्या तालमीचे वस्ताद. ते कधी नुसते जात नाहीत, थांबतात आणि दुसऱ्याचं काम बघून हळहळतात.

"महालिंगराव, ह्ये काय बायकांगत चोळताय? अंगात जोर न्हाय, हातात दम न्हाय. माझं पैलवान बघा. कसं तुकतुकत्यात! कशानं? मातीनं! त्या मातीत हळद हाय, ताक हाय, तेल हाय. माणसाच्या कातड्याला तेज येतंय, तर ह्या पत्र्याची काय कथा?"

आता परगावच्या वाचकाला यात काही खटकेल. कोल्हापूरच्या माणसाला खटकत नाही. आमच्याकडे तालमीच्या मातीने ताप उतरतो, मुरगळलेला पाय बसतो, खोडकर पोर सुधारतं. तिने मोटार चकाकणार नाही असं म्हणण्याची माझी छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा पैलवान पाट्या भरून लाल माती घेऊन आले. त्यांनी आधी मोटारीच्या पाया पडून घेतलं. मग लंगोट आवळून कामाला लागले. दोघे बॉनेटवर, दोघे दारांवर, दोघे मागे. वस्ताद मधे उभे राहून ओरडत होते, "रगडा! खांद्यातनं जोर येऊ द्या!" डाव्या बाजूच्या दारावर एका गड्याने चक्क कुस्तीतला घिस्सा मारला. मागच्या पत्र्यावर दुसरा गुडघा रोवून बसला आणि तिथे त्याच्या गुडघ्याएवढा खळगा पडला तो पडलाच. बघायला सगळी पेठ लोटली होती. टाळ्याही पडल्या. मी घरमालक म्हणून सर्वांना गुळाचा चहा पाजला.

मग पाणी ओतलं. माती वाहून गेली आणि तिच्याबरोबर रंगही बराचसा गेला. जिथे हिरवं होतं तिथे पाटीसारखं मळकट काहीतरी उरलं आणि बॉनेटच्या मधोमध हातभर काळा अस्तराचा रंग बाहेर आला. हंबीररावांनी चारी बाजूंनी फिरून बघितलं आणि म्हणाले, "आता बघा, मळ निघाला." आणि पठ्ठ्यांना घेऊन गेले. मी पत्र लिहिलं: 'मोटारीस माती लावून झाली. येथील सर्व क्षेम.'

लालासाबने विडी पायाखाली विझवली. "सायेब, मी उचगावला मेव्हन्याकडं जाऊन ऱ्हातो. बाळासो सरकार परत आलं की सांगा, लालासाब मेला."

मी त्याचा हात धरला. म्हटलं, "असं करू नकोस. माझी माणसं आणायची आहेत. सहा महिने झाले."

तो थबकला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "आमची जुलेखाबी इचलकरंजीला आईकडं हाय. चार म्हैनं झालं." आणि पुन्हा पायरीवर बसला. त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून भात केला. तो करपला, पण करपल्याचं दोघांनाही काही वाटलं नाही. बाळासोंच्या रागाची काळजी वाचकांना नको, म्हणून इथेच सांगतो: ही मोटार पुढे नव्याने रंगवून झाली आणि बाळासोंनी ती बघून 'जशी दिली तशी ठेवलीस' अशी माझी पाठ थोपटली. मला त्या वेळी मात्र यातलं काही माहीत नव्हतं.

लालासाबनेच दस्तगीरला आणलं. दस्तगीर टांग्यांना रोगण देणारा. त्याच्या हातचा टांगा दहा वर्षं फिका पडत नाही असं म्हणत. पांढरी दाढी, बोटांच्या पेरांत सात रंग. त्याने वैद्य नाडी बघतो तसा मोटारीवर तळहात ठेवला.

"ह्ये कुनी केलं?"

"आम्हीच," मी म्हणालो.

"दुस्मनी काय हुती?"

मी मान खाली घातली. दस्तगीरने सांगितलं, की नवा रंग द्यायला आता दिवस नाहीत, रंग वाळायलाच पंधरवडा लागतो. त्यापेक्षा मधमाशीचं मेण टरपीनमध्ये पातळ करून द्यायचं. कापडाने, सावलीत, अगदी पातळ हात. मग तळहात गरम होईपर्यंत घासत राहायचं. काळं झाकणार नाही, पण तेज येईल. "घाई न्हाय करायची," तो दोनदा म्हणाला. "रोगन घाईला भीक घालत न्हाय."

मेण पन्हाळ्याच्या बाजूने एका ओळखीच्या माणसाने पाठवलं आणि ते जकात नाक्यावर अडकलं. मी स्वतः गेलो. नाक्यावरचा कारकून दराचं पुस्तक उघडून बसला होता.

"मेन कशाचं?"

"मधमाशीचं."

"म्हंजे खान्याचं."

"खायचं नाही."

"मग वखद?"

"औषधही नाही. मोटारीला लावायचं आहे."

त्याने पेन्सिल कानावर ठेवली. "मोटारीला काय खरूज झालीया?"

मला राग यायला हवा होता, पण मीही कारकूनच. ज्या वस्तूला सदर नाही ती वस्तू जगात नाही, हे मला त्याच्याइतकंच पटलेलं होतं. आम्ही दोघांनी मिळून पुस्तक दोनदा पालथं घातलं. शेवटी 'देवकार्य' या सदरात मेण बसतं असं निघालं, पण त्यासाठी मठाची चिठ्ठी हवी. मी मठात गेलो. तिथल्या म्हाताऱ्या कारभाऱ्यांना सगळी हकीकत सांगितली. ते चिठ्ठी लिहिता लिहिता म्हणाले, "बायकू घरी आनायची, ह्ये धर्मकार्यच की." यात चार दिवस गेले. घरी आल्यावर मी पत्र लिहिलं: 'मोटारीसाठी मेण मिळाले. येथील सर्व क्षेम.' लिहून झाल्यावर लेखणी कागदावर तशीच धरून बसलो. मुलगी हसते का, एवढं तरी विचारावं असं फार वाटत होतं. पण सासऱ्यांच्या खणखणीत आवाजात तो प्रश्न गल्लीभर ऐकू जाईल, या विचाराने मी पाकीट बंद केलं.

अमावास्येला तीन दिवस उरले असताना दस्तगीरने पहिला हात दिला. अर्ध्या बॉनेटवर दिला आणि दुपारभर घासला. आणि मंडळी, तेज आलं! तो काळा भागसुद्धा शहाणा दिसू लागला. दस्तगीर हात पुसत म्हणाला, "उद्या शुक्रवार. नमाज झाली की येतो. तवर हात लावू नका."

हात लावू नका हे त्याने मला सांगायला नको होतं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी परड्यात येरझाऱ्या घालत होतो. अर्धं बॉनेट चमकत होतं आणि बाकीची मोटार माझ्याकडे बघत होती. उद्या निघायचं. दस्तगीर दुपारी येणार, घासणार किती, उरणार किती? एका पातळ हाताने एवढं तेज, तर जाड हाताने किती येईल! मी कोट काढून ठेवला. मेणाचं अख्खं भांडं मोटारीवर उपडं केलं आणि चार बोटांनी सारवल्यासारखं सगळीकडे लिंपलं. मग लवकर वाळावं म्हणून लालासाबला सांगून ती मोटार सावलीतून ढकलून उन्हात काढली. आमच्या घरांत पापड, सांडगे, मिरच्या, धुणं, सगळं उन्हातच वाळतं. मेणाचा स्वभाव उलटा असतो हे मला कसं कळावं?

दस्तगीर आला तेव्हा मोटारीवरून मेण ओघळत होतं. त्याने एक बोट दाराला लावलं. बोट सुटेना. ओढून सोडवलं आणि बराच वेळ त्या बोटाकडे बघत राहिला.

"आता?" मी विचारलं.

"आता आठ दिस घासायचं."

"उद्या निघायचंय, दस्तगीर."

त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं. मला वाटतं, तिथे त्याला काहीतरी दिसलं असावं, कारण त्याने बाह्या सारल्या. बसून संध्याकाळपर्यंत एकटा बॉनेट खरवडत राहिला आणि जाताना एवढंच म्हणाला, "जाऊन या. घेऊन या. मग बघू."

सकाळी आम्ही निघालो. पंचगंगेचा पूल ओलांडेपर्यंत मोटार निदान मोटारीसारखी दिसत होती. पुढे कच्चा रस्ता लागला. रस्त्यावरची धूळ उडाली की ती परत खाली बसते असा माझा समज होता. आमची धूळ मोटारीवर बसली ती पुन्हा उठली नाही. दिवस गुऱ्हाळांचे. उसाच्या गाड्या समोरून येत होत्या आणि त्यांचं पाचट उडून आम्हाला चिकटत होतं. केर्लीजवळ कोंबडीची पिसं चिकटली. मेणात थोडा मध राहिला असावा, कारण वाघबीळच्या चढावर माशांचं मोहोळ आमच्याबरोबर निघालं आणि कोडोलीच्या वेशीपर्यंत आलं.

वेशीवर सनई होती. आम्हाला बघताच सनईवाला मधेच थांबला. रुद्राप्पा नवा फेटा बांधून उभे होते. मागे पंचमंडळी, त्यांच्या मागे गाव. एक म्हातारा पुढे येऊन डोळ्यांवर हात धरून म्हणाला, "मोटार कवा येनार? ही तर कडब्याची गाडी दिसतीया."

आम्ही सासऱ्यांच्या दाराशी थांबलो. मी उतरलो. माझा कोट दाराला चिकटला आणि एक बाही मागे राहिली. रुद्राप्पांनी मोटारीभोवती एक फेरी घातली. त्यांचा चेहरा पडला होता आणि त्यांचंही खोटं नव्हतं. सगळ्या गावाला सांगून बसलेला माणूस.

"जावईबापू," ते हळू म्हणाले, "असल्या गाडीतनं माझी लेक जायाची न्हाय. गाव काय म्हनंल? पौष सरू दे. शिवरात्रीला बघू."

वाटेत मी बोलायचं सगळं ठरवून ठेवलं होतं. मेणाचे गुणधर्म, यंत्राची ताकद, गाडीला लागलेली धूळ हे प्रवासाचं लक्षण, असं बरंच काही. शिवरात्र हा शब्द ऐकला आणि त्यातलं काही आठवेना. अजून दोन महिने. ते लुगडं, ती शेळी, तो भात.

"मामा, मला माझी बायको पाहिजे," मी म्हणालो.

इतक्या मोठ्याने म्हणालो, की मागच्या गल्लीतली कुत्री भुंकली. पंचमंडळी माझ्याकडे बघू लागली. त्या काळी आमच्याकडे माणूस मेलं तरी नवरा बायकोचं नाव काढत नसे, 'घरची माणसं' म्हणून भागवायचं. पण एकदा तोंड उघडल्यावर मला थांबता येईना. "सहा महिने झाले. मला करमत नाही. अन्न गोड लागत नाही. मुलगी कशी दिसते ते मला ठाऊक नाही. मोटार राहू दे इथेच, मी दोघींना घेऊन नऊ कोस चालत जातो. पण मला तिच्याशिवाय राहवत नाही, मामा."

कुणीतरी खुदकन हसलं. माझे कान तापले. कचेरीची खुर्ची, कडक कोट, सगळं त्या धुळीत पडलं होतं आणि माझी बाही अजून दाराला चिकटलेली होती.

रुद्राप्पा फेटा सारखा करत म्हणाले, "जावईबापू, पंच हाईत हितं..."

आत काहीतरी हललं. अक्काताई बाहेर आली. एका खांद्यावर मुलगी, दुसऱ्या हातात गाठोडं. गाठोडं आत्ता बांधलेलं नव्हतं, त्याच्या गाठी चांगल्या आवळलेल्या होत्या. ती माझ्याकडे बघितल्याशिवाय, वडलांकडे बघितल्याशिवाय, पंचांच्या मधून सरळ चालत आली आणि मोटारीत जाऊन बसली. पदर दाराला चिकटला, तो तिने हिसडा देऊन सोडवला. मागून तिची आई रत्नव्वा डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन धावत आली. रुद्राप्पांनी पुढे होऊन आपल्या उपरण्याने लेकीच्या बैठकीवरचं पाचट झाडलं.

रीतीप्रमाणे मी पुढे लालासाबशेजारी बसलो. गाव मागे पडलं, शेवटचं झाड मागे पडलं. लालासाबने मोटार थांबवली, उतरून मागचं दार उघडलं आणि माझ्याकडे बघत उभा राहिला. मी मागे जाऊन बसलो.

मुलगी झोपली होती. नाक अक्काताईचं होतं. मी ते कितीतरी वेळ बघत होतो.

मग अक्काताई बोलली. "पाच पत्रं आली. दिवं झालं, माती झाली, मेन मिळालं. आप्पा वाचायचं आनि मी दाराआड हुबी ऱ्हायची. वाटायचं, आता तरी माझं कायतरी येईल."

"सगळ्यांसमोर वाचतात म्हणून..."

"मघाशी सगळ्यांनी ऐकलंच की."

ती बाहेर बघत होती. मग हळूच म्हणाली, "काय म्हनाला व्हता?"

"कधी?"

"आमच्या दारात. आत नीट ऐकू आलं न्हाय."

नऊ कोसांवर ऐकू गेलं असेल असा तो आवाज होता. मी पुढे बघितलं. लालासाबची मान एकदम ताठ झाली होती.

"लालासाब आहे पुढे," मी कुजबुजलो.

"असू दे. परत म्हना."

मी म्हणालो. वाघबीळचा उतार लालासाबने इतक्या हळू घेतला, की तो संपेपर्यंत मला ते तीनदा म्हणता आलं.